दोन तुकड्यांचा तळ

मित्रांनो, मी एक जुना नाचाचा बूट आहे, जोडीतला उजवा. डावा माझ्या शेजारीच असतो, पण तो मुळातच अबोल, म्हणून दोघांची हकीकत मलाच सांगावी लागते. सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. माझ्या तळाचा एक तुकडा चवड्याखाली आहे, दुसरा टाचेखाली, आणि मधे नुसतं मऊ कातडं. मी मोडलेलो नाही. मी जन्मापासून असाच आहे. जॅझ नावाचा नाच नाचताना पाऊल चांगलंच वाकवावं लागतं, आणि सलग तळ असला की ते वाकत नाही. एवढं ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण यावरूनच घडलं.

मी कोणत्या गावी शिवला गेलो ते मला आठवत नाही. मला आठवते ती पाचगणी. तिथल्या एका निवासी शाळेत साताऱ्याच्या सोनिया मॅडम नाच शिकवायच्या, आणि मी त्यांच्या पायात असायचो. लाकडी जमिनीवर मी सहा वर्षं फिरलो. "मॅडमच्या पायांचा आवाजच येत नाही," असं मुलं म्हणायची. ते कौतुक माझंच आहे, असं मी धरून चाललो होतो. पुढे मॅडमनी सांगलीला विश्रामबागेत, एका औषधाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, स्वतःचा क्लास काढला आणि नवे बूट घेतले. मी कपाटावर जुन्या पडद्यांखाली गेलो. एक अख्खं वर्ष मला कोणी हात लावला नाही. त्या वर्षाबद्दल मला फार बोलवत नाही.

मग क्रांती आली. इस्लामपूरजवळच्या गावातून रोज एसटीने येणारी, सांगलीच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. मॅडमनी मला खाली काढलं, फुंकर मारली आणि तिच्या हातात दिलं. "हे घाल. फक्त रस्त्यावर घालून फिरू नकोस." क्रांतीने मला ओढणीने पुसलं. तेव्हाच ती मला आवडली.

पण नाचायला ती महाकठीण होती. तिचे वडील नानासो, तिचे तात्या, सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. ती चार वर्षांची असल्यापासून, सुट्टीवर आले की ते तिला अंगणात परेड शिकवायचे. परेड डाव्या पायाने सुरू होते. ती तिच्या पायांत इतकी मुरली होती की मॅडम "उजवा" म्हणाल्या तरी डावाच पुढे जायचा आणि मी मागे राहायचो. खांदे ताठ, कंबर त्याहून ताठ. क्लासात नाच पाचपासून मोजतात, पाच, सहा, सात, आठ, की सुरू. क्रांती एकची वाट बघत उभी राहायची. मॅडमनी तिला शेवटच्या ओळीत, खांबाच्या आड ठेवलं.

सगळ्यांत अवघड होती गिरकी. माझ्या चवड्यावर तोल धरून एक पूर्ण फेरा. आठ महिने ती कधी भिंतीवर गेली, कधी मैत्रिणीवर. रोज क्लास सुटल्यावर दहा मिनिटं ती एकटीच थांबायची. एका मंगळवारी मी गर्रकन फिरलो आणि जिथून निघालो तिथेच येऊन थांबलो. तिने मला पायातून काढून छातीशी धरलं. मित्रांनो, बुटाच्या वाट्याला असं सहसा येत नाही.

वार्षिक कार्यक्रमासाठी मॅडमनी तिला पहिल्या ओळीत घेतलं. गाण्याच्या मध्यावर बाकीच्या थांबणार आणि क्रांती एकटी गिरकी घेणार. तिने हे घरी सांगितलं. नाचाविषयी तोवर चांगलं की वाईट काहीच न बोललेले तात्या म्हणाले, "मी येतो बघायला." त्या दिवसापासून तिला जेवण जाईना. तात्यांसमोर ती गिरकी जमायलाच हवी होती.

आता तात्यांविषयी सांगायला हवं. मुलीला जवळ घेणं त्यांना जमत नसे, पण बूट त्यांना कळत. बावीस वर्षांच्या नोकरीतले त्यांचे काळे बूट अजून दाराशी असत आणि दर रविवारी त्यांना पॉलिश होई. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी त्यांनी क्रांतीची पिशवी उघडली, मला उलटं केलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"असल्या मोडक्या बुटात नाचतीया व्हय पोरगी," ते स्वतःशीच म्हणाले. "आन् तोंडातनं एक शब्द न्हाई."

तसेच ते मला घेऊन बाजारात अर्जुनाकडे गेले. अर्जुना चपला-बूट शिवायचा. त्याने मला चाचपलं. "फौजी, कातडं लय मऊ हाय. ह्येला कशाला जड तळ?"

"टायरचा लाव. धा वर्सं हालला न्हाई पायजे."

दाभण कसं लागतं ते मी सांगत बसत नाही. आम्हा दोघांना सलग टायरचा तळ, कडेने पांढरा दोरा, टाचेत दोन-दोन खिळे. घरी आल्यावर तात्यांनी आम्हाला आरशासारखं पॉलिश केलं आणि गुपचूप परत पिशवीत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, रंगमंचामागच्या खोलीत क्रांतीने पिशवी उघडली. तिने मला वाकवून पाहिलं. मी वाकलो नाही. दाराशी तात्या उभे होते, इस्त्रीच्या शर्टात.

"कसं झालंय काम?"

तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. "झ्याक झालंय, तात्या."

ते गेल्यावर मॅडम म्हणाल्या, "अनवाणी कर. गिरकी सोडून दे."

"नको मॅडम. ते माझ्याकडं न्हाई, बुटांकडंच बघत बसणार हायत."

आणि ती मला घालून रंगमंचावर गेली. पहिल्याच पावलाला ठक्क असा आवाज झाला. लोक हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाणं मध्यावर आलं, बाकीच्या थांबल्या. तिने चवड्यावर जोर दिला, पण टायरने फळी घट्ट धरून ठेवली. मी जागचा हललो नाही. मग तिने काय केलं असेल? तोल माझ्या टाचेवर घेतला, डाव्याचं टोक टेकवलं आणि परेडमधला 'पीछे मुड' केला. डावा खाडकन जमिनीवर आला. लगेच दुसऱ्यांदा तसंच, की तोंड पुन्हा लोकांकडे. बरोबर आठव्या मोजणीवर. जॅझमध्ये असलं काही नसतं, पण टाळ्या पडल्या. तिसऱ्या रांगेत तात्या ताठ उभे राहिले होते. मागचा माणूस म्हणत होता, "फौजी, खाली बसा की."

कार्यक्रम संपल्यावर ते आत आले. मुलींनी बूट काढून भिंतीशी टाकले होते, काही उताणे पडले होते. तात्यांनी एक उचलला. मग दुसरा, मग तिसरा. सगळ्यांचे तळ दोन तुकड्यांचे.

"समद्यांचंच मोडकं असतंय व्हय?"

"मोडकं न्हाई, तात्या. असंच असतंय."

"मग मघाशी बोलली का न्हाईस?"

"तुमी लय हौसेनं केलं हुतं."

तात्या पायरीवर बसले. खिशातला चाकू काढून त्यांनी एकेक टाका कापला आणि खिळे उपसले. "इचारायला पायजे हुतं मी," एवढंच म्हणाले. मग त्यांनी मला मधोमध दाबलं आणि मी वाकलो. त्या क्षणी त्या माणसावरचा माझा सगळा राग गेला.

आज माझ्या कडेने भोकांची रांग आहे. क्रांती आणखी दोन वर्षं माझ्यात नाचली. आता मी तात्यांच्या काळ्या बुटांशेजारी दाराशी असतो आणि रविवारी आम्हालाही फडकं मिळतं, पॉलिश नाही. मित्रांनो, तुमच्याकडच्या वस्तूंची काळजी जरूर घ्या. पण दाभण उचलण्याआधी ती मोडली आहे की तशीच असते, हे कोणाला तरी विचारा.

तात्या आता विचारतात. परवा क्रांती नोकरीच्या मुलाखतीवरून आली आणि चप्पलही न काढता उंबऱ्यावर गप्प बसली. तात्या बराच वेळ दारात घुटमळले.

"क्रांते, काय मोडलंय, का असंच हाय?"

"आज मोडलंय थोडं, तात्या."

त्यांनी काही दुरुस्त करायला घेतलं नाही. ते तिच्या शेजारी उंबऱ्यावर बसले, आणि अंधार पडेपर्यंत बसून राहिले.