पट्ट्यावरून उचललेला खोका

गोदामात तिला सगळे चिकटमावशी म्हणायचे. खोक्यावर बारकोडचं लेबल असं बसवायची की सुरकुती औषधालाही सापडू नये. शेजारी बसणाऱ्या बोलकीचं तोंड हातापेक्षा वेगानं चालायचं. ती म्हणायची, "मावशे, तुझ्या बोटांना गोंद फुटतो की काय गं!"

आणि बघा, साहेबांनी नवं मशीन दिलं ते नेमकं मावशीच्याच पोरीच्या ताब्यात. खोके पट्ट्यावरून सरकत यायचे, मशीनचा दांडा खाली यायचा, ठप्प, लागलं लेबल! आजची चाचणी पार पडली तर पोरगी कायम होणार होती आणि मशीनही. मग लेबलं लावणाऱ्या बायकांनी जायचं कुठे? हे कुणी विचारत नव्हतं, पण कळत सगळ्यांना होतं. मावशीचा जीव दोन्हीकडे ओढला जात होता.

चाचणी सुरू झाली. मावशी पट्ट्याच्या कडेला उभी होती. एका खोक्याची चिकटपट्टी सुटलेली तिला दिसली. असा उघडा खोका तिनं जन्मात कधी पुढे जाऊ दिला नव्हता. हात आपसूक गेला, तिनं खोका उचलला आणि पट्टी दाबायला बाजूला घेतला. झालं! मशीनला काय ठाऊक कोणता खोका कोणाचा? ते आपलं ऑर्डरीच्या क्रमानं लेबलं मारत सुटलं. उचललेल्या खोक्याचं लेबल मागच्यावर, मागच्याचं त्याच्या मागच्यावर. तपासणीत उघडून बघतात तर चष्म्याचं लेबल दुपट्यांवर, दुपट्यांचं हातोडीवर!

"नाक कापलं गं बाई मशीनचं!" बोलकीनं टाळीच मागितली. मावशीही हसली, खोटं कशाला सांगू. मग तिची नजर पोरीच्या चेहऱ्यावर गेली.

"हे झालं कसं?" साहेब कडाडले.

पोरीनं आईकडे पाहिलं, आईच्या हातातल्या खोक्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "माझीच चूक, सर. क्रम मी चुकीचा लावला."

मावशीला उमगलं. म्हणजे पोरीनं सगळं पाहिलं होतं आणि गिळून टाकलं होतं.

"मग तुझा इथे उपयोग काय?" साहेब म्हणाले.

"साहेब, तिनं काही केलेलं नाही," मावशी पुढे झाली. "मशीननंही नाही. खोका मी उचलला. हा बघा."

"गप बस ना गं!" बोलकीनं दंडाला चिमटा काढला, पण आता काय उपयोग?

साहेबांचा चेहरा खुलला. त्यांनी पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना जाळी लावायला सांगितली, म्हणजे कुणाचा हात आत जायला नको. खोके पुन्हा सोडले. एकही लेबल चुकलं नाही. लेबलं लावणाऱ्या बायका मावशीकडे न बघता उठल्या. बोलकीसुद्धा मावशीसाठी न थांबता पिशवी उचलून निघून गेली.

बाहेर रस्त्यावर पोरगी आईवर उसळली. "कुणी सांगितलं होतं तुला शहाणपणा करायला? मला कुठेही काम मिळालं असतं. तुम्हा बायकांना ह्या वयात कोण देणार आहे? म्हणून तर मी तोंड मिटलं होतं!"

"कळलं मला ते," मावशी म्हणाली. "म्हणून तर बोलले."

पोरगी भर रस्त्यात रडायला लागली. मावशीनं पदरानं तिचं तोंड पुसलं.

"चल, आज लवकर नीज. उद्या तुला कामावर जायचंय."