शुद्ध केलेली अफवा

सकाळी सासऱ्यांनी वर्तमानपत्रावर लाल पेन चालवायला घेतलं, म्हणजे घरातला दिवस नेहमीसारखा सुरू झाला. चाळीस वर्षं ते छापखान्यात मुद्रितशोधक होते. माणूस निवृत्त झाला, पण हात काही निवृत्त होईना. दुकानाच्या पाटीवरची चुकलेली वेलांटीसुद्धा त्यांच्या तावडीतून सुटत नसे. कानांनी मात्र कधीच साथ सोडली होती. कानाचं यंत्र लावा म्हटलं, की "वाचता येतंय ना, मग ऐकायचं काय?" हे ठरलेलं उत्तर.

सून पाणी शुद्धीकरण केंद्रात पाणी तपासायची. पाणी बंद असलं की सगळ्यांच्या फोनवर सूचना जायची, तीही तिच्याच आवाजात. "नमस्कार, उद्या सकाळी पाणी येणार नाही," अशी तिची नक्कल गावातली पोरं हुबेहूब करत.

ती डबा भरत होती, तेवढ्यात शेजारीण दारात उभी राहिली. डोळे सुजलेले.

"माझी चिमणी दवाखान्यात आहे. सलाईन लावलंय," ती म्हणाली. "तुझ्या शब्दावर पाणी बदललं गं मी. नळाचं सोडून जुन्या विहिरीचं भरलं."

"माझ्या शब्दावर? मी कधी सांगितलं?"

शेजारणीने फोन पुढे धरला. "नमस्कार, मी पाणी तपासते. नळाच्या पाण्यात विष उतरलंय. साहेब मला बोलू देत नाहीत." आवाज सुनेचाच होता. "नमस्कार"नंतरचा तिचा छोटा श्वाससुद्धा होता. फक्त ती हे कधी बोललीच नव्हती.

केंद्रावर साहेबांनी तिला फाटकातच अडवलं. "बोलणं तुमचं नाही हे सिद्ध करा, मगच कामावर या." न केलेली गोष्ट केली नाही हे सिद्ध कसं करायचं, हे कुणाला येत असेल तर त्याने तिला शिकवावं.

ती तडक पोलीस ठाण्यात गेली. फौजदार भला माणूस होता. त्याने तिला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"बाई, यंत्राने आवाज बनवणाऱ्यासाठी आपल्याकडे अजून कलमच नाही. कायद्याचा मसुदा निघालाय. लोकांच्या हरकती मागवल्यात. मुदत दोनदा वाढवून झाली."

"मग मी काय करू?"

"अफवा पसरवण्याचं जुनं कलम आहे. आवाजासोबत हा मजकूर फिरला म्हणून लोकांनी विश्वास ठेवला. बघा, एक चूक नाही. लोक म्हणतात, हा तुम्हीच लिहिलाय. लिहिणारा सापडला तर तुम्ही सुटलात."

तिने त्याच्या फोनवर वाचलं. 'नळाचे पाणी पिऊ नये; उकळूनही उपयोग नाही.'

त्या अर्धविरामावर तिची नजर खिळली. अख्ख्या गावात अर्धविराम देणारा माणूस एकच होता.

इकडे आड, तिकडे विहीर. नाव सांगावं तर म्हातारा माणूस गजाआड, न सांगावं तर जन्मभर तीच गुन्हेगार.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

घरी येऊन तिने फोन सासऱ्यांसमोर धरला आणि त्यांच्या कानाशी ओरडून विचारलं. "बाबा, हे तुम्ही लिहिलंत?"

"लिहिलं नाही, सुधारलं!" त्यांनी अभिमानाने चष्मा सारखा केला. "आलं तेव्हा 'पीऊ', 'ऊपयोग' असला कारभार होता. वाचवेना मला. शुद्ध केलं आणि पुढे पाठवलं."

"आणि सोबतचा आवाज?"

"वाचता येतंय, मग..."

कपाटातलं यंत्र काढून तिने त्यांच्या कानात बसवलं आणि आवाज लावला. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरत गेला.

"ही तर तू आहेस."

"मी नाही, बाबा. आणि हे ऐकून विहिरीचं पाणी प्यायलेली चिमणी सलाईनवर आहे."

बराच वेळ ते लाल पेनाचं टोपण काढत आणि लावत राहिले. "चुका होत्या म्हणून ते खोटं दिसत होतं गं. मीच त्याला चांगले कपडे घातले. ऊठ, ठाण्यात जाऊ."

"तुम्हाला धरतील. ज्याने बनवलं त्याला कुणी विचारणारसुद्धा नाही."

"माहीत आहे. चप्पल दे माझी."

फौजदाराने त्यांचा जबाब लिहून समोर ठेवला. "वाचून सही करा, आजोबा. चुका असतील तर दुरुस्त करा, तुमचं कामच ते."

अकरा ओळींत सात चुका होत्या. पेन पहिल्या चुकीवर गेलं आणि थांबलं.

"खरं आहे ना सगळं? मग असू दे." त्यांनी सही केली. मग त्यांचं बोट खाली सरकलं. 'पसरवणारा' यापुढे त्यांचं नाव होतं. 'बनवणारा' यापुढची जागा कोरी होती.

"हे राहिलं."

"ते रिकामंच राहतं, आजोबा. मसुद्यावरच्या हरकती संपून कायदा झाला की भरू."

"आणि हरकतींची मुदत कधी संपते?"

"परवा."

बाकावर बसलेल्या सुनेला हुंदका आवरेना. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. कानातलं यंत्र काढलं नाही.

"मग आत जाताना," ते फौजदाराला म्हणाले, "तो मसुदा, दोन कोरे कागद आणि हे पेन माझ्याजवळ राहू द्या."