चौदा नंबरचा सूक्ष्मदर्शक

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. मानेवर पांढऱ्या रंगात चौदा हा आकडा आहे. तेच माझं नाव. ओहायोतल्या एका लहान गावच्या कॉलेजात माझी सव्वीस वर्षं गेली. इथे दोन वर्षांत विज्ञानाची पदवी मिळते आणि ती घेऊन मुलं पुढे विद्यापीठात जातात. मुलं म्हणायचं आपलं. निम्मी तर कामावरून थकून येणारी मोठी माणसं. सुरुवातीला माझं कौतुक फार झालं. पुढे भिंगांवर चरे पडले, एक पेच सैल झाला आणि सगळे पंधरा नंबरवर झडप घालू लागले.

वेल्मा प्रुइट मात्र मलाच घ्यायची. चव्वेचाळीस वर्षांची बाई, काचेच्या बरण्यांच्या कारखान्यातून कामावरून कमी केलेली. पहिल्याच दिवशी हॅसलबेक सरांनी बजावलं होतं, "उचलताना एक हात मानेला, एक बुडाखाली. काम झालं की छोटं भिंग पुढे, काचपट्टी ठेवायचा चौथरा खाली, वर झाकण." बाकीचे आठवड्यात विसरले. वेल्मा विसरली नाही.

दुसऱ्या वर्षी ऐन थंडीत तिचा नवरा व्हर्नन वारला. पाचव्या दिवशी ती प्रयोगाला हजर.

"अगं, घरी राहायचंस ना," शेजारची केन्ड्रा म्हणाली. "सर काय खाणार होते का तुला?"

"घरी बसून काय करू? कांद्याची साल दे इकडे."

तिचा डोळा माझ्या नळीवर टेकला. कोरडा ठणठणीत होता. पुढे एकदा ती केन्ड्राला म्हणाली, "दात काढल्यावर गाल बधिर होतो ना, तशी झालेय मी. सगळीच." मला ते कळलं. मीही दाखवतो सगळं, वाटत मात्र काही नाही.

मे महिन्यात शेवटची परीक्षा आली. जीवशास्त्रात पास झाली तरच विद्यापीठातली जागा तिची होती. टेबलांवर आम्हाला रांगेनं मांडलं होतं आणि प्रत्येकात सरांनी एकेक पेशी नेमकी धरून ठेवली होती. घंटी वाजली की पुढच्या टेबलावर जायचं. पेचाला हात लागला तर पेपर रद्द.

वेल्मा माझ्यापाशी आली. तिनं उत्तर लिहिलं, आणि तिचे हात आपले आपणच चालू लागले. छोटं भिंग पुढे, चौथरा खाली. झाकण शोधता शोधता ती थबकली. सरांनी धरलेली पेशी केव्हाच निसटली होती. कुणी पाहिलं नव्हतं.

तिनं हात वर केला. "सर, मी चौदा नंबर हलवला."

मागून केन्ड्रा कुजबुजली, "गप्प बस ना, वेडे! माझा एक प्रश्न गेला तर गेला."

"तुझ्या मागे आणखी नऊ जण आहेत."

सर आले, त्यांनी माझ्यात डोकावून पाहिलं. "वेल्मा, लोकांनी याच्या काचा फोडल्या, याच्यावर कॉफी सांडली. भर परीक्षेत आवरून ठेवणाऱ्या तुम्हीच पहिल्या."

वर्ग हसला. वेल्माही हसायला गेली आणि तिला रडू फुटलं. "सगळं नीट आवरलं हो मी, सर," ती म्हणाली. "त्याची औषधं, त्याचे बूट, सगळं. एक वस्तू इकडची तिकडे नाही राहिली."

सरांनी तिला खुर्ची दिली. पेपर मात्र रद्दच झाला. हातातली जागा गेली. कॉलेजच्या उन्हाळी सत्रात तिनं तोच विषय पुन्हा घेतला, पुन्हा मलाच घेतलं, आणि पास झाली. विद्यापीठानं तिला जानेवारीत बोलावलं. त्या उन्हाळ्यात माझी नळी कितीदा तरी ओली झाली. दर वेळी ती बाहीनं पुसायची.

आता नवी यंत्रं आली आहेत आणि मी अडगळीत आहे. मला त्याचं फारसं काही वाटत नाही. मित्रांनो, एवढंच करा. काहीही उचलताना दोन्ही हात लावा. आणि आवरायची घाई करू नका. मागून कुणाला तरी अजून पाहायचं असतं. कधीकधी आपलंच नीट पाहून झालेलं नसतं.