सगळ्यात मोठी फाईल

"मी खोलीत पाऊल टाकलं की ही ते डबडं मिटती. फटदिशी. जसं काय मी हिच्या ताटातलं बघाय आले." तुळजाबाईंनी प्लॅस्टिकचं स्टूल फरफटत आणून थेट काउंटरला भिडवलं आणि लुगड्याचा ओचा सावरून त्यावर ठाण मांडलं. "आता उघडा म्हणावं माझ्यासमोर."

काउंटरपलीकडे दुकानाची मालकीण मैत्री लॅपटॉप पालथा घालून त्याचे स्क्रू काढत होती. तिनं मान वर केली नाही.

"लॅपटॉप उघडून देते, आजी. सुनेचं मन उघडायची सोय आपल्याकडे नाही."

दाराशी उभी असलेली सून, ऋतिका, हसली नाही. स्कूटरवर तोंडाला गुंडाळलेला स्कार्फ सोडून ती त्याची घडी घालत राहिली. घातलेली घडी पुन्हा मोडत राहिली. नारायण पेठेतल्या त्या बोळकांडीएवढ्या दुकानात तिघींना पुरेल एवढीच हवा होती.

तुळजाबाईंचा नियम एकच. दागिना मोडायला दिला की सोनारासमोर बसायचं आणि मुशीतून सोनं निघेपर्यंत पापणी लवू द्यायची नाही. विहिरीची मोटार दुरुस्तीला गेली तेव्हा जुनी तार उतरून नवी चढेपर्यंत त्या कारखान्याच्या दारात भाकरी सोडून बसल्या होत्या. पुढे खराडीच्या शेतांवर कंपन्यांच्या काचेच्या इमारती उगवल्या. तेव्हाही मोजणीदाराच्या मागे बांधाबांधानं चालणारी गावातली बाई एकच होती. त्यामुळे सून लॅपटॉपची दुरुस्ती करायची म्हणाली, तेव्हा त्यांनी आधी पायांत वहाणा सरकवल्या आणि मग विचारलं, "कुठं जायचंय?"

ऋतिका घरी बसून डिझाइनची कामं करायची. आजवर गावचे फ्लेक्सच जास्त. कुणाचा वाढदिवस, कुणाची निवड, कुणाची श्रद्धांजली. श्रद्धांजलीचं काम सगळ्यात घाईचं. माणूस गेलं की मयत दवाखान्यातून घरी यायच्या आत चौकात फ्लेक्स लागला पाहिजे, नाहीतर घराला नावं ठेवतात. तुळजाबाईंना त्या फ्लेक्सचा मनस्वी राग. "जल्मभर उन्हात काळी ठिक्कर पडलेली माणसं, आन् मेली की लोण्यावानी गोरी! देवाच्या दारात तरी वळखू येतील का?"

आता मात्र एका मसालेवाल्यानं पुड्यांचं काम दिलं होतं. नमुने वेळेत आवडले तर वर्षभराचं काम मिळणार होतं, आणि फ्लेक्स कायमचे सुटणार होते. पण लॅपटॉप चालता चालता गोठायचा. नवा घ्यायची ऐपत नव्हती. नवरा, म्हणजे तुळजाबाईंचा थोरला साईनाथ, "बघू" म्हणून मोकळा झाला होता. भाड्यानं दिलेल्या खोल्यांचे पैसे सासूच्या बटव्यात, आणि बटवा सासूच्या कमरेला.

"ग्राफिक्स कार्ड बदलता येईल?" ऋतिकानं विचारलं.

"यात नाही. ते बोर्डावरच बसवलेलं आहे. ते बदलण्यापेक्षा नवा लॅपटॉप परवडेल. तुमच्या बजेटमध्ये दोन गोष्टी बसतात, त्यातली एक निवडा. रॅम, नाहीतर एसएसडी, म्हणजे नवी वेगवान डिस्क."

"रॅम टाका."

"रॅम पुरेशी आहे. दुखणं हार्ड डिस्कचं आहे. जुनी आहे आणि गळ्यापर्यंत भरली आहे." मैत्रीनं तुळजाबाईंकडे पाहिलं. "आजी, रॅम म्हणजे ओटा, डिस्क म्हणजे फडताळ. ओटा वाढवून काय करणार? फडताळातून मीठ काढायलाच स्वयंपाकाची वेळ जातेय."

"नको, रॅमच टाका," ऋतिका घाईनं म्हणाली. "फोटोशॉपला रॅमच लागते."

"रॅममध्ये मला जास्त पैसे सुटतात. तरी सांगतेय, डिस्क बदला."

तुळजाबाईंचे डोळे बारीक झाले. दुकानदार स्वतःच्या तोट्याचं सांगतोय आणि गिऱ्हाईक नको म्हणतंय, असला बाजार त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. दुकानदारणीवरचा संशय त्यांनी जागच्या जागी उचलला आणि सुनेवर नेऊन ठेवला.

"डिस्क बदलली तर आतल्या मालाचं काय करता वो?"

"इथं उघडून नवीत भरायचा."

"हां." तुळजाबाईंनी बटव्याची नाडी बोटाला गुंडाळली. "मग फडताळच बदला. आन् उघडून भरताना मी हितंच हाय."

ऋतिका स्कार्फची घडी मोडून तो बोटांना गुंडाळू लागली.

मैत्रीनं जुनी डिस्क काढून आपल्या मशीनला जोडली आणि स्क्रीन दोघींकडे वळवला. "तुमच्या पैशांत येणारी नवी लहान आहे. सगळं मावणार नाही. मोठ्या फाईल वर आल्यात. काय न्यायचं, काय सोडायचं ते सांगा."

ऋतिका पुढे आली. "मसाला, घ्या. गणपती मंडळ, सोडा. दहीहंडी, सोडा. लग्नपत्रिका… घ्या." तिचं बोट ओळीओळीनं खाली उतरत होतं.

इंग्रजी अक्षरं तुळजाबाईंना मुंग्यांच्या रांगेसारखी. पण रांग कुठून सुरू होते ते त्यांना कळत होतं.

"वरची वळ राहिली."

"ते काही नाही, आत्या. जुनं काम आहे."

"मग सोड म्हण."

स्कार्फ ऋतिकाच्या बोटांभोवती आवळत गेला.

"म्हण की. दहीहंडीला म्हणलीस तसं. सोडा."

"घ्या ती," ऋतिका मैत्रीला म्हणाली, कसंबसं ऐकू येईल एवढंच.

"बघा!" तुळजाबाई स्टुलावरून अर्ध्या उठल्या. "न्यायची बी हाय आन् दाखवायची बी न्हाई. माझ्या पैशाच्या फडताळात! उघडा वो बाई."

"फाईल तिची आहे, आजी. ती हो म्हणाली तर उघडेन," मैत्री म्हणाली आणि हात मांडीवर ठेवून बसली.

बाहेर बोळात कुणीतरी गाडी लावण्यावरून कुणाला तरी मर्यादा शिकवत होतं. ते भांडण संपलं. मग ऋतिकानं होकाराची मान हलवली.

स्क्रीन आधी पांढरा झाला. मग त्यावर झेंडूच्या माळा आल्या, मग समई, आणि समईच्या वर तुळजाबाई स्वतः. त्यांची शाळा दुसरीतच सुटली होती. पण वर लिहिलेले दोन शब्द त्यांना लावून वाचावे लागले नाहीत. चौकाचौकात पाहून ते चेहऱ्यानं ओळखीचे झाले होते. खाली त्यांचं नाव. त्याखाली तारखेसाठी जागा, कोरी. आणि सगळ्यांत खाली हात जोडलेला, पांढऱ्याशुभ्र शर्टातला साईनाथ, आईपेक्षा दीडपट.

मैत्री उठली. "चहा सांगून येते," म्हणाली आणि बाहेर गेली.

"गेल्या पावसाळ्यात," ऋतिका म्हणाली, "तुम्ही आयसीयूत होता तेव्हाचं. डॉक्टरांनी ह्यांना आत बोलावून काहीतरी सांगितलं. ह्यांचा फोन आला, तयार ठेव, ऐनवेळी पळापळ नको. मी केलं. मग तुम्ही घरी आलात." ती थांबली. "पुसायला बसायची, आत्या. तेवढ्यात तुम्ही खोलीत यायचा, आणि मी मिटून टाकायची. मग परत हात व्हायचा नाही. वाटायचं, पुसलं आणि तुम्हाला काही झालं तर…"

तुळजाबाई ऐकत होत्या की नाही, कळेना. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला आणि काचेला नाक लागेल इतक्या पुढे वाकल्या. सोनारासमोर वाकायच्या तशाच.

स्क्रीनवरची बाई काळी होती. उन्हानं रापलेली, कपाळावर गोंदण, गोंदणातला मधला ठिपका पसरलेला. हनुवटीवर गाईच्या शिंगाचा वण होता, जागच्या जागी. खालचा साईनाथ तेवढा लोण्यासारखा. तुळजाबाईंनी बोट नेऊन काचेवरचा वण चाचपला, मग आपल्या हनुवटीवरचा.

"ह्यो ठेवाय कुणी सांगितलं?"

"कोणी नाही."

"साईनाथनं बघितलं हुतं?"

"हो."

"काय म्हणला?"

ऋतिकानं स्कार्फ सोडला. "म्हणाले, आईला जरा उजळ कर. चारचौघांत बरं दिसत नाही."

"मग?"

"मी नाही केलं."

मैत्री चहाचे ग्लास घेऊन आत आली. एक तिनं तुळजाबाईंपुढे ठेवला, एक ऋतिकाला दिला आणि माऊसवर हात ठेवला. "मग, ही फाईल? सगळ्यात जास्त जागा हीच खाते."

तुळजाबाईंनी बटवा कमरेतून काढला, काउंटरवर ठेवला आणि चहाचा एक घोट घेतला. मग सुनेकडे वळल्या.

"ने. जागा खाती तर खाऊ दे. आन् घरी गेल्यावर साईनाथला बारका कर, मरायची मी हाय, त्यो न्हाई. माझ्या रंगाला मातर हात लावू नगं."