मोज्यातलं बाळंतपण

केंटमधल्या त्या गावात ढालकिड्यांसाठी जीव टाकणारी एकटी इस्थर पॅजेट. तेही सगळ्याच ढालकिड्यांसाठी नाही, लाल पाठीवर दोनच काळे ठिपके असलेल्या, तिच्या लहानपणापासूनच्या. काही वर्षांपूर्वी बाहेरून दांडगे हार्लेक्विन जातीचे ढालकिडे आले आणि खायला मावा, म्हणजे झाडांवरच्या बारीक किडी, संपल्या की या गरिबांची अंडी-पिल्लं गिळू लागले. गेले दोन उन्हाळे तिच्या बागेत दोन ठिपकेवाला औषधालाही नव्हता.

या जूनमध्ये मात्र गुलाबावर एक मादी दिसली. इस्थरच्या डोळ्यांदेखत तिनं पानाखाली पिवळी अंडी घातली. शेजारच्या पानाखालीही तसाच पुंजका होता. "हिचाच असणार," म्हणत इस्थरनं जुना झिरझिरीत लांब पायमोजा आणला, अख्खी फांदी त्यात घातली आणि हार्लेक्विन आत शिरू नयेत म्हणून तोंड गच्च बांधलं. तिच्या आईचे कांदेसुद्धा हिवाळाभर पायमोज्यातच टांगलेले असत.

"काय गं, गुलाबाला थंडी वाजते का?" कुंपणापलीकडून क्लाइव्हनं विचारलं.

"हस मेल्या! आत बाळंतपण चाललंय."

रोज सकाळी चहाचा कप घेऊन ती मोज्यातून डोकावायची. आत काळ्या अळ्या वळवळायच्या. दुसऱ्या झुडपावरचा मावा चमच्यानं आणून, गाठ जराशी सैल करून ती त्यांना घालायची. अळ्या कमी होत होत्या, पण उरलेल्या बाळसं धरत होत्या, म्हणून ती खूश होती.

बाराव्या दिवशी तिनं मोजा पुरता सोडला. आत चार लठ्ठ, काटेरी अळ्या होत्या, कुशीला नारिंगी पट्टा असलेल्या. चारही हार्लेक्विन.

तो दुसरा पुंजका त्यांचा होता. बाहेर असती, तर त्या मादीची पिल्लं निदान पळाली तरी असती. इस्थरनंच त्यांना कोंडलं होतं, वर गाठ मारून.

"चिरड ना त्यांना," क्लाइव्ह म्हणाला.

"मीच भरवलंय रे त्यांना, चमच्यानं," इस्थर म्हणाली आणि तिला रडू फुटलं. मग तिनं चारही चिरडल्या. अंगठा पिवळा झाला. शेजारच्या झुडपावर तसल्याच वीस-पंचवीस चढत होत्या.

ती मोज्यातली पानं एकेक करून उलटू लागली. "एखादी तरी राहिली असेल," ती म्हणत होती. क्लाइव्ह कुंपण ओलांडून आला, त्यानं चष्मा लावला आणि तोही पानं उलटू लागला. सगळी पानं संपली, तेव्हा तिनं पहिल्या पानापासून पुन्हा सुरुवात केली. त्यानं तिला अडवलं नाही.