कन्नडच्या घाटातलं आमचं गाणं

चौऱ्याण्णव साली आमचा जळगावचा रॉक बँड फक्त मरणावर विनोदी गाणी करायचा. औरंगाबादचा कार्यक्रम आटपून आम्ही चौघं चाळीसगावच्या कॉलेजात वाजवायला निघालो होतो. मेटॅडोरचे ड्रायव्हर सुपडूभाऊ गाडी नुसती रांगवत होते.

"भाऊ, दाबा की जरा! पोरं खुर्च्या मोडतील तिथं!" मी पुन्हा खेकसलो. त्यांनी दाबली.

घाटाचा उतार लागताच आमच्या ड्रमर कादरनं सीटवर ठेका धरला आणि आम्ही आमचं सगळ्यात गाजलेलं गाणं सुरू केलं: "ब्रेक गेला तर गेला राव, घाई तुम्हालाच होती ना?"

"गानं बंद करा," सुपडूभाऊ म्हणाले. "माले गाडीना आवाज आयकू द्या."

आम्ही मुद्दाम आवाज चढवला. मग मला त्यांचा पाय दिसला. ब्रेकचं पेडल तळाला टेकलं होतं आणि गाडी वेग घेतच होती. गाणं आपोआप थांबलं. त्यांनी गिअर खाली ओढला आणि गाडी डोंगराच्या कडेला घासत नेली. आरसा उडाला, मागं ड्रम कोसळले, आणि शेवटी आम्ही मुरमाच्या ढिगात रुतलो.

बिडी पेटवत ते मागं वळले.

"आते म्हना ना."

मग त्यांनीच म्हटलं, अगदी आमच्या चालीत:

"घाई तुम्हालाच होती ना?"