नव्या मशीनची लुकलुक

टेबलाखालून भाऊजींचे फक्त पाय दिसत होते.

"आता बघ, थांबली का?"

"नाही," धाकटी म्हणाली.

"आता?"

"आता जास्त झाली."

"म्हणजे वायरच! जास्त झाली म्हणजे हात बरोबर जागी लागला."

थोरली आपल्या टेबलाशी पाठमोरी बसून एका नवरदेवाच्या नाकावरची पुटकुळी काढत होती. पुटकुळी केव्हाच गेली होती. तरी ती तिथेच ब्रश फिरवत राहिली, कारण हात थांबला असता तर हसू फुटलं असतं. दोष वायरचा नव्हता. विजेचा नव्हता, पडद्याचाही नव्हता. कशाचा होता हे त्या खोलीत तिला एकटीलाच ठाऊक होतं, आणि ती ते सांगत नव्हती. आज तिसरा दिवस.

फोटो स्टुडिओ दोघा भावांचा. थोरला फोटो काढायचा, धाकटा, म्हणजे भाऊजी, समोर बसून गिऱ्हाइकं आणि छपाई बघायचा. आतल्या खोलीत दोघी जावा एकमेकींकडे पाठ करून बसायच्या आणि माणसं होती त्यापेक्षा जरा बरी करून बाहेर पाठवायच्या. डोळ्यांखालची काळी वर्तुळं, चामखिळी, सुटलेली पोटं, सगळं त्या दोघींच्या हाताखालून जायचं.

पंधरवड्यापूर्वी नवा कॉम्प्युटर आला, तो धाकटीच्या टेबलावर गेला. "तिचा हात भराभर चालतो," थोरलीचा नवरा म्हणाला. "तुझं काय, तुझं जुन्यावर भागतंय." बोलणाऱ्याने बोलून चहा संपवला आणि विसरून गेला. थोरलीच्या मात्र ते वाक्य घशातच अडकलं. वर येईना, खाली जाईना.

सव्वीस वर्षं झाली होती तिला या कामात. पेन्सिलीचं टोक पॉलिशपेपरवर घासून सुईसारखं करायचं आणि भिंगातून बघत निगेटिव्हवर ठिपका ठिपका द्यायचा, तिथपासून. पुढे कॉम्प्युटर आले तेव्हा नवऱ्याने हात टेकले, आणि ती आपली आपण शिकली. पडद्यावरचे इंग्रजी शब्द वाचून नाही. डावीकडून चौथा, त्याच्या खाली सातवा, असं पाठ करून. धाकटी तीन वर्षांपूर्वी सून म्हणून आली ती दोन वर्षांचा कोर्स करूनच. थोरली म्हणायची, "चेहरा जरा उठव गं." धाकटी म्हणायची, "मिडटोन आठने वर घेते, ताई." आणि चेहरा उठायचा! दुखणं खरं तेच होतं. नुसतीच बडबडी असती तर थोरलीने तिला माया लावली असती.

एकदा एका तान्ह्या बाळाचा फोटो बघून नवरा धाकटीला "वा!" म्हणाला होता. थोरलीच्या वाट्याला सव्वीस वर्षांत "चालेल" आलं होतं. फारच साधलं असेल तर "चालेल की."

तर हा नवा कॉम्प्युटर पंधरा दिवस गुणी बाळासारखा वागला. सोळाव्या दिवशी सकाळी धाकटीने फोटो उघडला, मोठा करून बघितला, ब्रश लावला, आणि चित्र लुकलुकायला लागलं. मधेच एखादा काळा चौकोन उमटायचा, मधेच गालाचा तुकडा कपाळावर जायचा, क्षणात सगळं जागेवर. फोटोचा प्रोग्राम बंद केला की पडदा साळसूद. हिशेब उघडा, पत्र लिहा, काही नाही. फोटो उघडला की सुरू.

थोरलीने एकदाच मान वळवली आणि ओळखलं. चार वर्षांपूर्वी, धाकटी घरात यायच्या आधी, तिच्या मशीनला हेच झालं होतं. नवरा तेव्हा दुसऱ्या गावी लग्नाच्या कामावर होता. भाऊजी म्हणाले होते, "वहिनी, बंद करून चालू करा." आठ दिवस ती एकटी झगडली आणि शेवटी चोर सापडला, तो ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर. हा ड्रायव्हर म्हणजे आतला दुभाष्या. फोटोचा प्रोग्राम सांगणार, चित्र काढणारं कार्ड ऐकणार, आणि हा मधे बसून एकाचं दुसऱ्याला समजावणार. दुभाष्या बिनसला की दोघंही भली असून घरात कलकल. आणि मशीन काय करतं, कुणाला न विचारता जुना दुभाष्या काढून नवा आणून बसवतं. नवा आला म्हणजे बराच असतो असं नाही, हे थोरलीला कुणी वेगळं सांगायला नको होतं.

इलाज दहा मिनिटांचा होता. नवा काढायचा, जुना परत बोलवायचा.

विचारलं तर सांगेन, असं तिने स्वतःला बजावलं. चौथ्या दिवशी धाकटीने विचारलं.

"ताई, तुमच्या मशीनला कधी झालं होतं का हो असं?"

"नाही बाई," थोरली म्हणाली. "माझं आपलं जुनं ना."

शब्द गेले ते गेले. त्यानंतर सांगणं म्हणजे दोन गोष्टी सांगणं झालं असतं.

पाचव्या दिवशी नवऱ्याने फर्मान काढलं, पडदेच बदलून बघा. थोरलीचा पडदा अकरा वर्षांचा. त्याचा लाल रंग जरा फिका दिसतो, म्हणून छापताना ओठांचा रंग चिमूटभर कमी ठेवायचा, हे तिच्या बोटांना ठाऊक. तो तिच्या डोळ्यांदेखत भाऊजींनी उचलून धाकटीकडे नेला आणि नवा तिच्यापुढे आणून ठेवला. तिचा म्हातारा पडदा धाकटीच्या टेबलावर लुकलुकायला लागला, आणि नवा पडदा तिच्या जुन्या मशीनवर गाईसारखा गरीब.

"म्हणजे पडदा चांगला आहे!" भाऊजी म्हणाले.

"मग हिच्या हातातच काहीतरी आहे," थोरला हसत म्हणाला. "मशीन घाबरतंय हिला."

धाकटी हसली, पण अर्धवटच. थोरलीच्या पोटात गार गार वाटलं. तासभर टिकलं ते. मग बघितलं तर पडदे परत जागेवर न्यायचं कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

धाकटी त्या लुकलुकीत काम करत राहिली. चित्र स्थिर असेल तेवढ्या क्षणात एक रेघ ओढायची, लुकलुक आली की डोळे मिटायचे, पुन्हा उघडायचे. आठव्या दिवशी डोळे लालबुंद झाले होते. कपाळाला ओला रुमाल बांधून बसायची आणि तक्रारीचा शब्द नाही. थोरलीला त्याचाही राग आला. रडली असती, आदळआपट केली असती, तर थोरली उठली असती, असं तिला वाटायचं. कदाचित खोटं वाटायचं.

मधे एक म्हातारे सुतार एक जुना फोटो देऊन गेले होते. कुठल्याशा कार्यक्रमातली वीस-पंचवीस माणसं, त्यात मागच्या रांगेत त्यांची बायको, चेहरा नखाएवढा. बायको गेली होती. हयातभर फोटो काढू दिला नाही म्हणे, हा एवढाच. तो मोठा करून द्यायचा होता. लेक लांब राहायची, चार दिवसांसाठी आली होती, तिच्यासोबत द्यायला.

दहाव्या दिवशी सकाळी ते न्यायला आले. धाकटीने फोटो पुढे ठेवला. म्हाताऱ्यांनी चष्मा पुसला, फोटो उजेडाकडे धरला.

"छान केलंय पोरी. फार छान." मग म्हणाले, "हिची धाकटी बहीण वाटते."

"काही राहिलं का, काका?"

"हनुवटीवर वण होता."

धाकटीचा हात तोंडाकडे गेला. "मला वाटलं फोटोवरची चीर आहे. जुना फोटो ना. आणि पडदा सारखा लुकलुकतो, नीट दिसलं नाही मला."

"माझ्याच हातून झाला होता," म्हातारे फोटोशीच बोलल्यासारखे म्हणाले. "लग्नाला वर्ष नव्हतं झालं. मी फळी ओढली आणि ही मागून चहा घेऊन आली. चाळीस वर्षं बघत होतो तो वण. भांडण व्हायचं ना, तेव्हा ती काही बोलायची नाही, नुसती हनुवटी वर करायची. की मी गप्प." ते हसले आणि फोटो कागदात गुंडाळायला लागले. "असू दे. दुपारच्या गाडीने लेक निघतेय. तिला काय, चालेल."

थोरलीने ते "चालेल" ऐकलं. आपण इतकी वर्षं ऐकत आलो, ते बोलणाऱ्याला कुठून येतं आणि ऐकणाऱ्याला कुठे लागतं, ते तिला दोन्हीकडून एकदमच कळलं.

"थांबा काका," ती उठून म्हणाली. "तासाभराने या. आणि तो जुना फोटो ठेवून जा." मग धाकटीच्या खुर्चीपाशी गेली. "सरक गं."

धाकटी सरकली. थोरली बसली आणि तिचे हात चालायला लागले. आधी फोटोच्या प्रोग्रामची सेटिंग उघडून ग्राफिक्स कार्डाचा वापर बंद केला. लुकलुक तिथल्या तिथे थांबली, फक्त ब्रश गोगलगायीसारखा सरपटायला लागला. म्हणजे कार्डाचंच दुखणं, नक्की. मग मशीनच्या पोटातली सगळ्या भागांची यादी, त्यात चित्राच्या कार्डाची ओळ, त्यात ड्रायव्हरचं पान. वर तारीख होती, दहा दिवसांपूर्वीची. खाली एक बटण, आधीचा परत आणा. दाबलं. मशीन बंद होऊन चालू झालं. कार्डाचा वापर पुन्हा सुरू केला, आणि नवा ड्रायव्हर आपोआप येऊन बसू नये म्हणून त्याची वाटही बंद केली. मग फोटो उघडला, मोठा केला, ब्रश गरगरा फिरवला.

चित्र ढिम्म हललं नाही.

मागे धाकटी उभी होती. ती आनंदाने ओरडेल म्हणून थोरली वाट बघत होती. मागून काहीच येईना.

"ताई," शेवटी ती हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही काही शोधलंच नाही."

थोरलीची बोटं कीबोर्डवर तशीच राहिली.

"एकदाही थांबला नाहीत. इथे बघू, तिथे बघू, काही नाही. सरळ गेलात." "किती दिवस?"

खोटं बोलायला जागा होती. दुभाष्याही कुणी मधे नव्हता.

"पहिल्या दिवसापासून," थोरली म्हणाली.

बाहेर थोरला कुणाला तरी हनुवटी खाली, मान सरळ असं सांगत होते. धाकटीने कपाळाचा रुमाल सोडला, त्याची घडी घातली, घडीची घडी घातली.

"वण करायला घ्या," ती म्हणाली. "तासच आहे."

"तूच कर. तुझं काम आहे."

"मला नाही जमायचं. मला वण घालवायला शिकवलंय."

थोरलीने जुन्या फोटोतली ती हनुवटी पडदाभर मोठी केली. अर्धी रेघ वणाची होती, अर्धी कागदाच्या चिरेची. कुठे एक संपते आणि कुठे दुसरी सुरू होते, ते बघायला तिला बराच वेळ लागला. मग तिने ब्रश पेन्सिलीच्या टोकाएवढा बारीक केला आणि ठिपका ठिपका देत गेली. धाकटी शेजारी स्टूल ओढून बसली आणि बघत राहिली. दोघी एका पडद्यापुढे पहिल्यांदाच बसल्या होत्या. एकदा धाकटी म्हणाली, "उजवीकडे सावली हवी." थोरलीने दिली. बरोबर होतं तिचं. तेही थोरलीला टोचलंच, पण दिली.

म्हातारे आले. त्यांनी फोटो हातात घेतला. त्यांचं जाड बोट हनुवटीच्या जवळ गेलं आणि कागदाला न लागता तिथेच थांबलं. मग फोटो शर्टाच्या आत, छातीशी ठेवून ते गाडी गाठायला निघाले. चालताना एक हात वरून धरलेला होता.

दुपारी जेवताना थोरल्याने विचारलं, "कशी थांबली मग लुकलुक?"

"ड्रायव्हर बिघडला होता, दादा," धाकटी म्हणाली. "आम्ही दोघींनी मिळून शोधला."

"वा!" थोरला धाकटीकडे बघत म्हणाला. "शिकलेल्या माणसाचा हा फायदा बघा."

थोरलीचा घास हातातच राहिला. हिचा हात चांगला, हिचा कोर्स चांगला, आणि आता मनही हिचंच मोठं. आपल्याला काही ठेवतेय की नाही ही बाई?

"मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं," थोरली म्हणाली.

मग भाऊजींना ठसका लागला आणि थोरला मोठ्याने हसला.

"हिला? हिला ठाऊक असतं आणि ही दहा दिवस गप्प बसते? अरे, हिच्या तोंडात तीळ भिजत नाही!"

"वहिनी, मग मला तीन दिवस टेबलाखाली कशाला लोळवलंत हो?" भाऊजींनी डोळे पुसले. "घ्या, हिंमत असेल तर आता वायरचा दोष नव्हता असंही म्हणा."

दोघे भाऊ हसत राहिले. थोरलीने एकदा नवऱ्याकडे बघितलं, एकदा दिराकडे. खरं सांगून झालं होतं आणि कुणीच घेतलं नव्हतं. धाकटी हसली नाही. खाली बघून जेवत राहिली.

जेवणं झाली, भाऊ बाहेर गेले. थोरली भांडी आवरत होती तेव्हा धाकटी एक छोटी बाटली घेऊन आली.

"डॉक्टरांनी डोळ्यांत घालायला दिलंय. आमचे हे घालायला गेले तर सगळं गालावर. तुम्ही घाला."

"मी?"

"तुमचा हात हलत नाही, ताई."

ती खिडकीपाशी खुर्चीवर बसली आणि मान मागे टाकून वाट बघत राहिली. थोरलीने पदराला हात पुसले. दोन बोटांनी तिची पापणी वर धरली. बुबुळाभोवती लाल रेघांचं जाळं झालं होतं, बारीक बारीक, दहा दिवसांचं. असला लालपणा ती फोटोतून रोज काढायची, एका टिचकीत.

तिने बाटली उलटी केली. थेंब पडेपर्यंत धाकटीने पापणी हलवली नाही.